डोअर पॅड उचकटण्याआधी

चौघंही समोर या. हातातले स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवा आणि मला एकाच गोष्टीचं उत्तर द्या. त्या गाडीच्या चारही दारांच्या लॉक मोटर जळाल्या, हे तुम्हाला कशावरून कळलं?

मीटर लावलं होतं? नाही. टेस्ट लॅम्प लावला होता? नाही. फ्यूज काढून डोळ्यांनी बघितला? तोही नाही. गाडी आली, मालक म्हणाले सेंट्रल लॉक चालत नाही, आणि तुम्ही त्यांच्या हातात चिठ्ठी दिली की चार मोटर घेऊन या. त्यांनी आणल्या. एटापल्लीकडच्या आश्रमशाळेत शिकवणारा माणूस आहे तो. आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी करत अख्खा दिवस मोडून चंद्रपूरला आला. तुमच्या शब्दावर दुकानात पैसे मोजले. तुम्ही धडधाकट चार मोटर काढून भंगाराच्या डब्यात टाकल्या, नव्या बसवल्या, आणि बिघाड जिथल्या तिथे राहिला. मग माझ्याकडे येऊन म्हणता, सर, कंट्रोल युनिटपण गेलं असेल, तेही मागवू का?

नाही मागवायचं. आधी ऐकायचं.

त्या शिक्षकांनी तुम्हाला काय सांगितलं होतं, आठवा. मी पलीकडच्या बेंचवर उभा होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. ते म्हणाले, ड्रायव्हरच्या दाराचा खटका खाली दाबला तर बाकीची तीन दारं लॉक होत नाहीत, पण वर ओढला की तिन्ही बरोबर उघडतात. पुढे असंही म्हणाले, की दार पूर्ण उघडं धरून खटका दाबला तर कधीकधी लॉक होतात. एवढं सांगून त्यांनी खिशातून रिमोट काढून तुमच्या हातात दिला. तो रिमोट तुम्ही बोनेटवर ठेवला आणि पॅड उचकटायला बसलात. चौघांपैकी एकानंही तो दाबून पाहिला नाही. काहून?

मी दाबला, तुम्ही जेवायला गेल्यावर. चारही दारं खाडकन लॉक झाली, खाडकन उघडली. आता विचार करा. रिमोटवर चारही मोटर दोन्ही दिशांना चालत असतील, तर मोटर चांगल्या आहेत, फ्यूज चांगला आहे, बॅटरी चांगली आहे, रिले चांगले आहेत आणि कंट्रोल युनिटही चांगलं आहे. बटण एकदा दाबून पाच गोष्टी निकालात निघाल्या. उरतो फक्त ड्रायव्हरच्या दारातला स्विच आणि त्याच्या वायरी. त्यात उघडायचा हुकूम पोचतो, बंद करायचा पोचत नाही, म्हणजे तीन वायरींपैकी एकच वायर गेली आहे. दार पूर्ण उघडलं की चालतं, म्हणजे ती बिजागरीपाशी तुटली आहे. मालकानं निदान करून हातात दिलं होतं. तुम्हाला ते फक्त कानांनी घ्यायचं होतं.

दुसऱ्या वर्षाला आहात, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगतो. ही शेवटची वेळ.

बाजारातल्या सेंट्रल लॉकच्या किटमध्ये ड्रायव्हरच्या दाराच्या मोटरला पाच वायरी असतात, बाकीच्या दारांना दोन. दोन म्हणजे हिरवी आणि निळी, त्या मोटर फिरवतात. ड्रायव्हरच्या दारात जास्तीच्या तीन असतात, काळी, पांढरी, तपकिरी. त्या मोटर फिरवत नाहीत, कंट्रोल युनिटला खबर देतात की खटका वर गेला की खाली. काळीला अर्थ मिळतो, खटका एका बाजूला गेला की तो पांढरीला जोडला जातो, दुसऱ्या बाजूला गेला की तपकिरीला. खबर मिळाली की युनिटमधले रिले हिरव्या-निळ्यातून करंट सोडतात. लॉकला एका दिशेनं, अनलॉकला उलट दिशेनं. मोटर तीच, फक्त प्लस-मायनस उलटतं. आणि हा करंट सेकंदभरही टिकत नाही. एक झटका, की बंद. झटका नसताना दोन्ही वायरी अर्थला जोडलेल्या असतात.

म्हणून तुम्ही मीटर लावून बसता आणि म्हणता करंटच येत नाही, ते चूक. झटका इतका छोटा असतो की मीटरचा आकडा ठरेपर्यंत तो संपलेला असतो. टेस्ट लॅम्प लावा. इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब, दोन वायरी, दोन पिना. मोटरचा कपलर काढून बल्ब तिथे हिरव्या-निळ्यावर लावा आणि दुसऱ्याला खटका दाबायला सांगा. लॉकला एकदा पेटला, अनलॉकला एकदा पेटला, तर वायरिंग तिथपर्यंत ठीक आणि मोटर गेलेली. पेटलाच नाही, तर मोटरला हात लावायचा नाही, मागे मागे जायचं.

बल्बच लावा असं मी म्हणतो, त्याचं आणखी एक कारण आहे आणि ते तुमच्या वहीत लिहिलेलं नाही, मी पाहिलं आहे. वायरच्या आतल्या पंधरा-वीस तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतं, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. मोटर ओढते. त्या एका तारेतून मोटरपुरता करंट जात नाही आणि व्होल्ट पडतात. मीटर म्हणेल सगळं ठीक, मोटर जागची हलणार नाही, आणि तुम्ही पुन्हा नवी मोटर मागवाल. बल्ब खरा भार टाकतो. तुटकी वायर असेल तर तो मंद लागेल किंवा लागणारच नाही. मीटर वापरायचंच तर भार चालू असताना वापरा. अर्थच्या वायरवर, बॉडी आणि मोटरची बाजू यांच्यामध्ये, 0.2 व्होल्टच्या वर आकडा दिसला तर अर्थ गंजलेला समजा.

पण त्याही आधी कान. बटण दाबा आणि दाराला कान लावा. काहीच आवाज नाही, तर करंट नाही किंवा मोटर मेली. घर्रर्र आवाज येतो आणि खटका हलत नाही, तर मोटर जिवंत आहे, आतला प्लास्टिकचा गिअर झिजला किंवा रॉडची क्लिप निघाली. क्लिप निघाली असेल तर ती परत बसवायला पैसे लागत नाहीत. टक असा बारीक आवाज आणि खटका अर्ध्यात अडकतो, तर लॅच जाम आहे किंवा व्होल्ट कमी आहेत. हे ऐकायला पॅड काढावं लागत नाही. आणि तुम्ही पॅड काढलं ते कसं? स्क्रू ड्रायव्हर खुपसून. तीन क्लिपा मोडल्या. त्या दारात आता खडखड होत राहणार, आणि तो माणूस प्रत्येक खड्ड्यात आपल्याला आठवत राहणार. खड्डे किती आहेत त्या रस्त्याला, तुम्हाला माहीत आहे.

आणि पॅड काढण्याआधी मालकाला विचारायचं. एकच दार बिघडलं की सगळी, हा पहिला प्रश्न. फक्त लॉक होत नाही की उघडतही नाही, हा दुसरा. रिमोटनं होतं आणि आतल्या खटक्यानं होत नाही, की उलट, हा तिसरा. सकाळी चालतं आणि दुपारी बंद पडतं का, पाऊस पडल्यावर बंद पडतं का, हे चौथं. आणि शेवटी विचारायचं, की बिघाड व्हायच्या आधी गाडीला काय केलं होतं. काच बदलली? टेप बसवला? दारात स्पीकर टाकले? धुवायला दिली होती? दहातल्या बऱ्याच गाड्यांचा उलगडा याच शेवटच्या प्रश्नात होतो. कारण आधीच्या मेकॅनिकनं कपलर नीट बसवलेला नसतो.

उन्हाचं सांगतो, कारण आपण चंद्रपुरात आहोत. मे महिन्यात इथे पारा कधीकधी 47 च्या वर जातो. बंद काळ्या दाराच्या पोटात किती तापत असेल, हात लावून बघा. बऱ्याच लॉक मोटरच्या आत एक छोटा भाग असतो, जो गरम झाला की करंट रोखतो आणि थंड झाला की पुन्हा सोडतो. मोटर जळू नये म्हणून तो असतो. तुम्ही भर उन्हात गाडी उभी करून बटण वीस वेळा लॉक-अनलॉक, लॉक-अनलॉक करून राहिले, की मोटर बंद पडणारच. ती मेलेली नसते. सावलीत लावा, थांबा, मग तपासा. गेल्या उन्हाळ्यात याच शेडमध्ये अशा एका मोटरला तुम्ही मेलेली ठरवलं होतं आणि संध्याकाळी ती टेबलावर टकटक चालली. तरीही शिकला नाहीत.

आता धूळ आणि पाणी. याच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण इथल्या गाड्यांचे निम्मे बिघाड याच दोन गोष्टींतून येतात आणि पुस्तकात त्यांना दोन ओळी आहेत. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूर, राजुरा या बाजूची गाडी आली की दाराच्या आत कोळशाची काळी भुकटी. गडचांदूरची आली तर सिमेंट. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक चालतात, तिकडची गाडी आली तर लॅचमध्ये लाल माती. अशा लॅचला तुम्ही काय करता? इंजिनचं जुनं ऑइल ओतता, नाहीतर बेअरिंगचं जाड ग्रीस थापता. त्या दिवशी लॅच मऊ चालतो आणि मालक खूश होऊन जातो. महिन्याभरात त्या ग्रीसला धूळ चिकटते, तिचा लगदा होतो, लॅच पुन्हा जाम होतो, आणि जाम लॅच ढकलता ढकलता मोटरचा गिअर झिजतो. मग तुम्ही मोटर बदलता. मूळ दुखणं तुमच्याच हातानं लावलेलं असतं. आधी लॅच क्लीनरनं धुवा, ब्रशनं घासा, कोरडा करा, मग पांढरं लिथियम ग्रीस अगदी थोडं. किल्लीच्या भोकात तर तेल अजिबात नाही, तिथे कोरडी ग्रॅफाइट पावडर.

पाणी. दाराच्या पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतं, ते त्या कागदामुळे बाहेरच्या बाजूनं खाली जातं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून निघून जातं. तुम्ही तो कागद फाडून काढता आणि परत लावतच नाही. मी चार गाड्यांची पॅड उघडून पाहिली, चारहीमध्ये कागद नव्हता. मग पाणी थेट मोटरवर आणि कपलरवर पडतं. तळाची भोकं चिखलानं बुजलेली असली की दारात पाणी साचतं. दार हलवलं की आतून पाण्याचा आवाज येतो, तुम्ही ऐकला आहे. गडचिरोलीचा पावसाळा तुम्हाला मी सांगायला नको. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडचा रस्ता बंद व्हायचा, दिवसचे दिवस. त्या पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या दारातला कपलर हिरवा पडणार नाही तर काय होईल? कागद नीट सोडवा, नीट परत चिकटवा, फाटला तर नवा कापा. तळाची भोकं तारेनं मोकळी करा. याला पैसे पडत नाहीत, पाच मिनिटं पडतात. ती पाच मिनिटं तुम्ही चोरता.

हो, चोरता हाच शब्द मी वापरतो आहे.

बिजागरीच्या रबरी नळीतली वायर तुटली की तुम्ही ती कशी जोडता, तेही पाहिलं. दोन टोकं पिळली, वर काळी टेप गुंडाळली, नळी सरकवून मोकळे झालात. उन्हात टेपचा गोंद वितळतो, टेप सुटते, आणि पिळलेली गाठ तिथेच असते जिथे दार दर वेळी वाकतं. दोन महिन्यांत परत तुटणार. आणि उघडी पडलेली वायर बॉडीला लागली तर फ्यूज उडणार. वायरचं बाहेरचं आवरण शाबूत दिसतं, पण आत तांबं तुटलेलं असतं, म्हणून डोळ्यांवर जाऊ नका. हळूच ओढून बघा, ज्या जागी ती रबरासारखी ताणली जाते तिथे आत तुटलेली आहे. तेवढा तुकडा काढून त्याच जाडीची, बारीक तारांची मऊ वायर घाला. जोड नळीच्या बाहेर घ्या, एक दाराच्या आत, एक खांबाच्या आत, सोल्डर करा, वर उष्णतेनं आवळणारी स्लीव्ह चढवा. नळीच्या आत एकही गाठ नको.

आणि फ्यूज. मागच्या आठवड्यातली पांढरी गाडी. 15 अँपिअरचा निळा फ्यूज वारंवार उडतो म्हणून तुमच्यातल्या एकानं 30 चा हिरवा लावला. कोणी ते मी विचारत नाही, त्याला माहीत आहे. फ्यूज उडतो म्हणजे कुठेतरी वायर घासली आहे, असं तो आपल्याला ओरडून सांगतो. तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत. आता वायर तापेल, फ्यूज उडणार नाही, दाराच्या पोटात आग लागेल. आज संध्याकाळपर्यंत त्या मालकाला फोन करून गाडी परत बोलवा. मी सांगितलं म्हणून सांगू नका, तुमची चूक झाली म्हणून सांगा.

तुम्हाला वाटत असेल, सर लॉकसाठी एवढं काहून रागावले. ब्रेक तर नाही ना. स्टिअरिंग तर नाही.

गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे. आलापल्लीहून भामरागडला साठ-पासष्ट किलोमीटर जंगलातून जायचं, आणि मध्ये मोबाइलला रेंज नाही असे लांब पट्टे आहेत. चंद्रपूरहून मूलला जाताना लोहाऱ्याच्या पुढे रस्ता जंगलात शिरतो. मोहर्लीच्या रस्त्यावर वाघ दिसणं ही तुमच्यासाठी बातमीसुद्धा नाही. अशा रस्त्यावर रात्री कुणी गाडीबाहेर उतरला, दार मागे लागलं, खराब स्विचमुळे चारही दारं आपोआप लॉक झाली आणि किल्ली आत राहिली, तर तो कुठे जाईल? काच फोडेल, पण त्याला दगड मिळेपर्यंत काय? प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंतिणीला नेणाऱ्या गाडीचं मागचं दार आतून उघडलं नाही तर? हे घडू शकतं, आणि कुठल्या तरी मेकॅनिकनं पाच मिनिटं वाचवली म्हणून घडू शकतं.

नागपूर तर जवळच आहे. जून 2023 मध्ये तिथे पाचपावली भागात तीन लहान मुलं खेळता खेळता बेपत्ता झाली आणि दुसऱ्या दिवशी घराजवळच उभ्या असलेल्या गाडीत मृत सापडली. बंद गाडीत उन्हात पहिल्या अर्ध्या तासातच बहुतेक तापमानवाढ होऊन जाते, आणि लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा कितीतरी वेगानं तापतं. दार आतून उघडण्याची जी सोय असते, ती शोभेची नाही. 1 जुलै 2019 पासून आपल्या देशात नव्या गाड्यांना सेंट्रल लॉक वीज गेली तरी हातानं उघडता येईल अशी सोय सक्तीची केली, ती याचसाठी. जुन्या गाड्यांत बाहेरचं किट बसवताना ती सोय मारून टाकणारे तुमच्यासारखेच कुणीतरी असतात. रॉड इतका घट्ट आवळतात की हातानं खटका वर ओढला जात नाही.

मागचं दार आतून उघडत नाही म्हणून जी गाडी आली होती, तिची मोटर तुम्ही बदलली की नाही? दाराच्या कडेला लहान मुलांच्या लॉकचा छोटा खटका असतो, तो कुणीतरी खाली केलेला होता. बोटानं वर केला, दार उघडलं. मोटर बदलण्याआधी तिथे नजर टाकायला काय हरकत होती? तसंच रिमोट चालत नाही म्हटलं की आधी त्यातला तीन व्होल्टचा सेल बदला, मग पुढचं बोला. आणि प्रत्येक मालकाला जाताना सांगा, महिन्यातून एकदा किल्लीनं दार उघडत चला. वर्षानुवर्षं रिमोटच वापरला की किल्लीचा सिलिंडर आत जाम होतो, आणि बॅटरी उतरल्या दिवशी ती किल्ली काहीच कामाची राहत नाही.

तुमच्यापैकी दोघं अहेरीचे आहात, एक सिरोंचाचा, एक मूलचा. शिकून परत जाल तेव्हा तुमच्या गावात तुमच्याशिवाय दुसरा मेकॅनिक नसेल. तिथला माणूस तुमचं बोलणं तपासून बघू शकणार नाही. तुम्ही मोटर गेली म्हणाल, तो बैल विकून मोटर आणेल. म्हणून मी आज एवढा कडक आहे, आणि उद्याही असणार.

आता ऐका. भंगाराच्या डब्यातून त्या चार जुन्या मोटर काढा, पुसा, बेंचवर 12 व्होल्ट देऊन दोन्ही दिशांना चालवून मला दाखवा. चालल्या, तर त्याच गाडीत परत बसवा आणि नव्या चार दुकानात परत द्या. दुकानदार घेत नसेल, तर त्यांचे पैसे तुम्ही चौघांनी वाटून द्यायचे, शिक्षकांनी नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या नळीतली वायर मी सांगितली तशी जोडा. चारही दारांत प्लास्टिकचा कागद लावा, मोडलेल्या क्लिपा नव्या बसवा. मग प्रत्येक दार आतून खटक्यानं, बाहेरून हँडलनं, किल्लीनं आणि रिमोटनं उघडून-बंद करून दाखवा. शेवटी बॅटरीचं मायनस काढून पुन्हा एकदा, फक्त हातानं. एकही दार अडकलं तर मी जॉब कार्डावर सही करणार नाही आणि गाडी इथून हलणार नाही. शिक्षक उद्या दुपारच्या बसनं येत आहेत. त्यांना काय झालं होतं, ते तुम्ही स्वतः समजावून सांगायचं.